परातीवरची तारा

वहिनीने फोन माझ्यापुढे धरला. "ताई, हे कसं वाटतं? दोनच अक्षरं, जोडाक्षर नाही. ऑफिसातल्या गोऱ्या लोकांनाही जीभ न वळवता म्हणता येईल."

नावांच्या कुठल्याशा ॲपचं गुलाबी कडेचं पान होतं. तारा. मुलीचं नाव. मूळ : संस्कृत. अर्थ : चांदणी, नक्षत्र. खाली लोकांनी दिलेले पाचपैकी साडेचार तारे. ताऱ्यालाही तारे द्यायला लोक कमी करत नाहीत हे बघून मला हसू आलं.

गुरुजींनी अक्षरं आधीच कळवली होती : दू, थ, झ, ञ. उत्तराभाद्रपदा नक्षत्र. 'ञ'वरून मुलीचं नाव शोधून देणाऱ्याला मी हातातल्या बांगड्या काढून देईन. तेव्हा नावरस नाव पत्रिकेत ठेवायचं आणि हाकेचं वेगळं शोधायचं, असं ठरलं होतं. भावाच्या मुलीचं नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. प्रत्यक्षात नाव आईबाप ॲपमधून काढतात आणि आत्याच्या वाट्याला पाठीवरचे धपाटे उरतात. तक्रार नाही. मलाही तारा आवडलं.

"तारा नको," पेपराआडून पप्पा म्हणाले.

"का हो?"

"नको म्हटलं ना."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "त्यांच्या आत्याचं नाव आहे ते."

तारात्या. मी तिला पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच ती गेली. पण तिच्याबद्दल इतकं ऐकलंय की आज दारात उभी राहिली तर मी आधी पाय धुऊन येईन. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात साखरेचा डबा, दुधाचं कपाट आणि ट्रंका, सगळ्याच्या किल्ल्या तिच्या कमरेला. पप्पा सातवीत असताना त्यांनी खासबागेत कुस्त्या बघायला जायला तिच्या डब्यातले आठ आणे उचलले. तिने त्यांना अख्खा दिवस जोत्यावर उभं केलं आणि गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कारण सांगितलं. गवळ्यालासुद्धा. त्याला पंचावन्न-साठ वर्षं झाली. ॲप काहीही म्हणो, पप्पांच्या शब्दकोशात तारा म्हणजे आठ आणे.

गंमत अशी की त्याच घरात, त्याच काळात आणखी एक तारा होती आणि ती पप्पांची आई होती. पण ते नाव त्यांनी तिला कधी जोडलंच नाही. त्यांच्या आईचं नाव लक्ष्मी.

१९५० साली आज्जी कागलजवळच्या एका खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती आणि तारा होती. घरात नणंद तारा. एक हाक मारली की दोघींनी 'ओ' द्यायची, हे चालायचं कसं? नवी आली तिने बदलायचं, इतका साधा हिशेब. ताटात तांदूळ पसरले, आजोबांच्या हातात अंगठी दिली आणि त्यांनी तांदळात 'लक्ष्मी' लिहिलं. कोल्हापुरात हे नाव सुचायला फार डोकं चालवावं लागत नाही. मग साखर वाटली आणि ताटातले तांदूळ परत डब्यात गेले.

"मग त्या तांदळाचं काय केलं?" मी एकदा विचारलं होतं.

"भात केला. वाया घालवायचं व्हय?"

आपल्याकडे मंगलाष्टकं संपतात ती 'तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव' या श्लोकाने. मुहूर्ताची घटका जवळ आली, भटजींनी 'ताराबलं' म्हटलं की मांडवात जी पळापळ होते, त्यावरून मराठीत 'तारांबळ' आला. हे मी कितीदा तरी वाचलं, सांगितलं, शाळेत मुलांना शिकवलंही. पण त्याच श्लोकाची शेवटची ओळ 'लक्ष्मीपते'ने सुरू होते, याकडे माझं लक्ष परवा परवा गेलं. श्लोकात शिरताना तारा, बाहेर पडताना लक्ष्मी. अक्षता टाकून लोक पंगतीला धावले असणार, आज्जीच्या बाबतीत भटजी काय म्हणून गेले ते कोणाला कळलंही नसेल.

तारात्याची गोष्टही इतकी सरळ नाही. तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालं आणि सतराव्या वर्षी ती कुंकू पुसून माहेरी परत आली. सासरी तिचंही नाव बदललं होतं. काय ठेवलं होतं ते आज घरात एकालाही सांगता येत नाही. ते तिने तिकडेच टाकलं आणि इथे येऊन आपलं जुनं नाव पुन्हा अंगावर घेतलं. मग तीन-चार वर्षांनी त्याच नावाची एक नवी नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आली. तारात्याने काय करायचं होतं? मला तर वाटतं, त्या सगळ्या किल्ल्यांपेक्षा तिने हे नाव जास्त घट्ट धरलं होतं.

राजवाड्यातही हेच चालायचं. सासवडच्या जगतापांची जमना १९१७ साली शाहू महाराजांची सून झाली आणि इंदुमती झाली. पुढच्याच वर्षी राजपुत्र शिवाजी शिकारीत गेले. अकरा-बारा वर्षांच्या त्या विधवा सुनेला महाराजांनी विरोध पत्करून शिकवलं. जमनेचा संसार वर्षभराचा ठरला, इंदुमती हे नाव मात्र जन्माचं झालं आणि कोल्हापूर तिला त्याच नावाने ओळखतं. आमच्या तारात्याला शिकवणारं कोणी नव्हतं. तिला किल्ल्या मिळाल्या.

आज्जीचं तारा हे नाव आलं कुठून, यावर तिच्या माहेरी दोन पक्ष होते. एका पक्षात ती एकटी, दुसऱ्यात तिचा धाकटा भाऊ, आमचे मामाआजोबा.

मामाआजोबांचं म्हणणं असं : त्यांच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. हंगामात ते गुळाच्या रव्यांनी, म्हणजे ढेपांनी, भरलेली गाडी घेऊन शाहूपुरीत यायचे. शाहूपुरी ही पेठच शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसवलेली. पट्टी झाली, अडत्याने पैसे हातावर ठेवले की बैल सोडून एक रात्र कोल्हापुरात मुक्काम. अशाच एका मुक्कामी त्यांनी बोलपट पाहिला. कोल्हापुरात तयार झालेला 'अयोध्येचा राजा', १९३२ सालचा, मराठीतला पहिला बोलपट. प्रभात कंपनी तेव्हा कोल्हापुरातच होती, पुण्याला गेली ती नंतर. त्यात हरिश्चंद्राची राणी तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे. चांगल्या घरची, शिकलेली बाई पडद्यावर येते, बोलते, गाते, हेच तेव्हा केवढं मोठं नवल. पणजोबांनी म्हणे बोलपट पुन्हा पाहिला, दुसऱ्या दिवशीचा बाजार बुडवून. पुढच्या वर्षी मुलगी झाली आणि तिचं नाव तारामती ठेवलं. घरात तारा. भावासाठी ताराक्का.

"काय बी सांगतोय त्यो," आज्जी म्हणायची. "नवऱ्यानं बाजारात उभी करून इकलेल्या बाईचं नाव माझा बा मला कशाला ठेवंल? ताराराणीचं नाव हाय ते."

कावळा नाक्यावरून जाताना ताराराणीचा घोड्यावरचा पुतळा दिसला की रिक्षातही ती डोक्यावर पदर घ्यायची. "ही माझ्या नावाची," म्हणायची. राणी आपल्या नावाची, आपण राणीच्या नावाची नव्हे. हा क्रम तिने कधी चुकवला नाही.

मला दोन्ही पक्ष पटतात आणि त्यामुळेच नावाचा अर्थ सांगताना मी अडखळते. तारामती घ्या. मार्कंडेय पुराणात हरिश्चंद्राच्या बायकोचं नाव तारामती नाहीच. तिथे ती शैव्या आहे, म्हणजे शिबीच्या कुळातली. ज्या बाईने नवऱ्याच्या शब्दापायी मुलासह स्वतःला विकू दिलं, तिला पुराणकाराने नावही तिच्या माहेरच्या कुळाचं दिलं. कन्नड-तेलुगूत ती चंद्रमती झाली, आपल्याकडे तारामती. बरं, संस्कृत व्याकरणाचा काटा लावला तर आकारानंतर 'मती' न येता 'वती' यायला हवं, म्हणजे तारावती. पण लोकांनी ठेवलेली नावं व्याकरणाला विचारून ठेवलेली नसतात. तारामतीच कानाला बरं वाटतं.

आणि ताराराणी. तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची लेक, शिवाजी महाराजांची सून. १७०० साली सिंहगडावर राजाराम महाराज गेले तेव्हा ही पंचविशीची. समोर खुद्द औरंगजेब, जवळजवळ वीस वर्षं दख्खनेत तळ ठोकून बसलेला. सात वर्षं तिने त्याला दम खाऊ दिला नाही आणि १७०७ साली तो इथल्याच मातीत गेला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ असते, पुतळाही याच गोष्टीचा असतो. पुढची गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, घरातच तंटा झाला, तिने पन्हाळ्यावर मुलाची वेगळी गादी मांडली, कोल्हापूरचं राज्य उभं राहिलं. आणि १७१४ साली सवतीच्या बाजूच्या लोकांनी तिला आणि तिच्या मुलाला त्याच पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. ती कैद, त्यानंतरचा साताऱ्याचा मुक्काम, तिथलंही राजकारण, हे सगळं पुरून ती गेली १७६१च्या डिसेंबरात. म्हणजे पानिपतची बातमी ऐकूनच. शिवाजी महाराज जिवंत असताना जन्मलेली बाई पानिपतपर्यंत जगली, हे मला आजही नीट कल्पनेत धरता येत नाही.

शब्दाचं म्हणाल तर संस्कृतात तारा दोन वाटांनी येते. एक वाट 'तॄ' धातूची. तरणे, तारणे, तीर, अवतार, हे सगळं गोत त्याचंच. तारते ती तारा. बौद्धांची देवी तारा हीच. सिंह, हत्ती, आग, साप, चोर, बेड्या, पाणी आणि पिशाच या आठ भयांतून ती सोडवते. यादीत बेड्या आहेत, हे वाचल्यावर मला पन्हाळा आठवला. दुसरी वाट आकाशातली. ऋग्वेदात ताऱ्याला 'स्तृ' असाही शब्द आहे. फारसीतला सितारा आणि इंग्रजीतला स्टार हे त्याचे चुलत भाऊ. आपल्या तारेने वाटेत कुठेतरी पहिला 'स' टाकला. शाक्तांच्या दहा महाविद्यांत काली पहिली, तारा दुसरी आणि शेवटची कमला, म्हणजे लक्ष्मीच. त्या हिशेबाने आमची आज्जी लग्नात दुसऱ्या नंबरावरून थेट दहाव्यावर गेली.

वहिनीच्या ऑफिसातल्या लोकांना तारा सोपं जातं त्याचं कारण वेगळंच आहे. आयर्लंडमध्ये तारा नावाची एक टेकडी आहे, जुन्या राजांची. तिकडच्या मुलींना ते नाव तिथून मिळतं. आपल्या तारेशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण ॲपच्या लेखी दोन्ही एकच.

नाव बदलणं म्हणजे नेहमी काहीतरी हिरावून घेणंच, असंही मी म्हणणार नाही. २०११ साली साताऱ्यात प्रशासनाने 'नकोशी' नाव असलेल्या मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. त्या मुलींना त्या दिवशी काय वाटलं असेल ते मला तांदळाच्या ताटावरून कळणार नाही. आणि आमच्या गावच्या देवीचं काय? बाहेरचे लोक तिला महालक्ष्मी म्हणतात, आम्ही अंबाबाई. रेल्वेच्या पाटीवर एक नाव, आमच्या तोंडात दुसरं. यातलं खरं कोणतं, या वादात मी पडत नाही. कोल्हापुरात राहायचंय मला.

एवढं खरं की आज्जीची तारा माहेरी जिवंत होती. सासरी ती लक्ष्मी, आणि पुढे लक्ष्मीकाकू, लक्ष्मीबाई, शेवटी नुसती आज्जी. पण भाऊबीजेला मामाआजोबा येत. चप्पल काढायच्या आधी दारातूनच मोठ्याने, "ताराक्का, हाईस का?" आणि आतून तेवढाच मोठा "ओ" यायचा. एरवी आमच्या घरात बाईचा आवाज ओटीपर्यंत जात नसे. तारात्या होती तोवर, आई सांगते, त्या हाकेला दोन 'ओ' यायचे.

मामाआजोबा गेले ते २००९ साली. त्यानंतर त्या नावाने हाक मारणारं माणूस उरलं नाही.

उरली ती परात. पितळी, सव्वा हात रुंद, एका बाजूला किंचित बसलेली. काठावर बाहेरच्या अंगाला छिन्नीच्या टोकाने ठोकून ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय : 'चि. तारा हिस मामाकडून १९५०'. लग्नाच्या आधीच घेऊन ठेवली असणार, तांदळात काय लिहिलं जाणार ते मामाला कुठे ठाऊक. 'ता'चा काना लांबलाय, घालणाऱ्याचा हात घसरला असावा. 'हिस'मधला 'स' जागा न पुरल्यामुळे बारका झालाय. चिंच आणि राखेने घासून घासून 'चि.' जवळपास पुसला गेलाय, बोट फिरवलं तरच लागतो. बाराखडी शिकत असताना मी याच ठिपक्यांवरून बोट फिरवायची. आज्जी समोर बसून जोंधळ्याचं पीठ मळत असायची आणि परात माझ्या बाजूने हलली की ओरडायची.

बाकीच्या सगळ्या भांड्यांवर 'सौ. लक्ष्मीबाई'. स्टीलची हौस आली तेव्हा घरातली पितळ मोडीत गेली : घागरी, डबे, बंबसुद्धा. परात तेवढी राहिली. का ठेवली विचारलं तर म्हणायची, "पीठ मळायला बरी पडती." घरात स्टीलच्या तीन पराती होत्या.

शेवटच्या आजारपणात आज्जी आठवडाभर दवाखान्यात होती. नर्स येऊन "लक्ष्मीबाई, डोळे उघडा, लक्ष्मीबाई," करायची आणि आज्जी ढिम्म. मला वाटलं, मला किल्ली ठाऊक आहे. असल्या गोष्टी वाचून वाचून आपलं डोकं तसंच चालतं. नर्स गेल्यावर मी तिच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हटलं, "ताराक्का."

तिने डोळे उघडले. सरळ माझ्याकडे बघितलं.

"नावानं हाक मारतीस व्हय गं मला?" म्हणाली आणि कूस बदलली.

वहिनीला मी हे सगळं एका दमात नाही सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. बाळाला पाजताना, लंगोट वाळत घालताना. तिने पप्पांना एकदाच विचारलं, "पप्पा, मग तुम्ही सुचवा ना." पप्पांनी विचार करून तीन नावं दिली. तिन्ही नावांच्या मुली त्यांच्या शाळेत होत्या, असं नंतर आईकडून कळलं. वहिनीने ऐकून घेतलं आणि ठेवलं तेच ठेवलं. पप्पा म्हणाले, "ठेवा तुम्हाला हवं ते. मी त्या नावाने हाक मारणार नाही."

बारशाला घुगऱ्या मी हट्टाने त्याच परातीत काढल्या. चिंच लावून घासली तर अशी लखलखली की शेजारच्या काकू म्हणाल्या, नवी घेतली का. पाळण्याखालून-वरून गोविंद-गोपाळ झाले, मी वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' केलं, नाव सांगितलं आणि पाठीत धपाटे बसले. त्यातला एक आईचा होता आणि तो खरोखर लागला.

जन्मदाखला आला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, मग बापाचं. तेव्हा तारा, तिच्यापुढे वहिनीचं नाव, मग माझ्या भावाचं, मग आडनाव. वहिनीचं नाव तेच, जे तिने सांगलीहून आणलं. आमच्याकडे आता तांदळाचा भातच होतो.

तारा आता नऊ महिन्यांची आहे. बसते, सरकते, मिळेल ते वाजवते. खेळण्यांचा ढीग पडलाय, पण तिला परात लागते. वाटी घेऊन ती परातीवर आपटते आणि आवाज घुमला की स्वतःच दचकून हसते. पप्पांनी शब्द पाळलाय, अजून एकदाही तिला नावाने हाक मारलेली नाही. रोज सकाळी पेपर बाजूला ठेवतात, चष्मा वर करतात आणि म्हणतात,

"सावकाश, महाराणी. कान फुटायला लागलेत आमचे."